दोन नळ

सुदामानगरातल्या आमच्या मोरीत दोन नळ आहेत.
एक नर्मदेचा. दिवसाआड येतो, गोड येतो,
सत्तर किलोमीटरवरून घाट चढून येतो
आणि किती वाजता, ते त्याला विचारायचं नसतं.
दुसरा बोरिंगचा. डाळ शिजत नाही त्यात,
बादलीला पांढरे डाग पडतात,
पण बटण माझ्या भिंतीवर आहे.

हे सांगायचं कारण, जिन्याखाली
मीटरच्या शेजारी एक डबा चोवीस तास घुरघुरतो,
बंद पडलेल्या सायबर कॅफेतून अठराशेला आणलेला.
त्यात 'नोंद' राहते.
कुठलं पुस्तक कोणी नेलं, कधी आणणार, पान फाटलं का,
एवढंच कळणारा प्रोग्राम.
देवास, धार, महू, आणि मस्कतमधलं एक कपाट धरून
चौदा वाचनालयं चालतात त्यावर.
मालकीचा कोणाच्याच नाही. कोणीही खोलून बघावा,
उसवावा, आपल्या मापाचा करून घ्यावा.

आधी तो मोठ्या कंपनीकडे होता. फुकट.
भाडं नाही, पागडी नाही, लाइटबिल नाही.
फुकटात राहणारा माणूस छताकडे बघत नाही,
मीही बघितलं नाही.
मग एका मंगळवारी बहमनचं खातं गेलं.

बहमन तेहरानचा. मराठी येत नाही त्याला,
पण अकारविल्हे त्यानेच लावलं होतं,
क्ष कुठे, ज्ञ कुठे, चार वर्षं माझ्याशी भांडून.
कारण एका ओळीचं: तुमच्या भागात ही सेवा नाही.
काम राहिलं. नाव राखाडी झालं.
मी तीन पत्रं लिहिली. तिन्ही उत्तरं
एकाच हाताची होती, म्हणजे कोणाच्याच हाताची नव्हती.
त्या आठवड्यात डबा आणला.

आता दुसरं वर्ष.
स्वतःचं घर म्हणजे काय ते मला विचारा.
रात्री दोनला कुठलीशी यंत्रं येतात,
सगळी पानं चाटून जातात, फिरून तीच पानं,
चाळीस हजार वेळा दार वाजतं
आणि सकाळी धारच्या कर्णिकबाईंचा फोन,
"ताई, काहीच उघडून नाही राहिलं."
मे महिन्यात डिस्क गेली.
बॅकअप आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं.
नऊ दिवस जुना होता, ते आज सांगते.

ऋत्विज झोकरकर, शेजारचा, तिसऱ्या वर्षाला.
कचऱ्याच्या गाडीत ओला-सुका टाकता टाकता म्हणाला,
"काकू, तिकडेच न्या ना परत.
इथे कोण येणार? अजून एक खातं, अजून एक पासवर्ड.
तिथे केलेलं दिसतं. नोकरी देणारे तिथेच बघतात."
एक दुरुस्ती पेन ड्राइव्हवर घालून आणली होती त्याने.
ओल्या हाताने दिली.
चांगली होती. मला जमली नसती इतकी.
मी काही बोलायच्या आत गाडी पुढे गेली.

रविवारी तिकडे एक आरसा टांगला.
इथे जे बदलेल ते तिथे दिसेल,
ज्याला भांग पाडायचा त्याने तिथे पाडावा, राहणं इथे.
बहमनला कळवलं.
म्हणाला, आरशात मी दिसतो का?
मी जाऊन बघितलं.
दिसत होता. राखाडी.

काल रात्री लाइट गेली.
यूपीएस डब्याला आणि राउटरला अकरा मिनिटं धरतो,
मी पायरीवर बसून त्याची टिकटिक मोजत होते.
सहाव्या मिनिटाला हिरवा दिवा लुकलुकला.
तेहरानहून एकच ओळ आली होती:
'ळ' मागे नेला, 'ह'च्या नंतर. तू जिंकलीस.
अंधारात एकटीच हसले.
डबा नीट बंद करायचा तर आत्ताच करायला हवा होता.

तेवढ्यात मोरीत नर्मदेचा नळ फुसफुसला, मग धो धो सुटला.
आज त्याचा दिवस नव्हता.
मी उठून बादली लावली.